शालिग्रामचा कायदा

नांदुऱ्याच्या भाजीबाजारात कोणी मनानेच एखादा नियम काढून भांडायला लागला, की समोरचा त्याला म्हणतो, "तुह्या शालिग्रामचा कायदा तुह्यापाशीच ठेव." शालिग्राम कोण होता, हे असं म्हणणाऱ्यांपैकी आता कोणालाच ठाऊक नाही. मागच्या दिवाळीत मी तिथे मेथी घेत होतो, तेव्हा विशीतल्या एका पोराच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि हातातली जुडी तशीच ठेवून घरी आलो. शालिग्राम माझा सख्खा काका. तो कायदा त्याचा नव्हता. तो मी केला होता, एका दुपारी मिरचीच्या वाफ्यात उभा राहून. आणि तो का केला हे सांगायचं, तर त्याआधी मी आणखी एक उद्योग करून बसलो होतो, तोही सांगावा लागेल. तो मात्र आजवर कोणाला माहीत नाही. या वयात माणसं तीर्थाला जातात. माझे गुडघे चालत नाहीत, म्हणून वही घेऊन बसलो आहे.

आमचा मळा गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपासून एका हाकेवर. वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमच्या पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. घरात चार माणसं. माझे वडील आबा, माय, काका आणि मी. घड्याळ नव्हतं आणि लागतही नव्हतं. पहाटेच्या पॅसेंजरला माय चुलीला लाकूड लावायची, कापसाच्या जिनचा भोंगा झाला की आबा न्याहारीला यायचे, आणि दुपारची मालगाडी पुलावर धडधडली की बैल आपसूक थांबायचे. न्याहारीला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि थंडीच्या दिवसांत तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. त्या भरिताचा वास अजून कधी कधी माझ्या नाकात येतो आणि मी उठून स्वयंपाकघरात जातो. तिथे सून कुकरच्या शिट्या मोजत असते.

काका आबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. काकू लग्नानंतर वर्षभरातच गेली आणि त्याने पुन्हा लग्नाचं नाव काढू दिलं नाही. त्याचा सगळा जीव बुद्धिबळात. आमचा पट म्हणजे जाड कापडावर लाल दोऱ्याने शिवलेली घरं, मायनेच शिवलेली. सोंगट्या लाकडी, आणि काळ्याचा एक उंट कधीतरी हरवला होता, त्याच्या जागी मायच्या शिवणातली दोऱ्याची रिकामी रीळ. पंचक्रोशीत काकाला हरवणारा माणूस नव्हता. तो खेळायचा तो देशी डाव. देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, त्यामुळे दोन फौजा कितीतरी वेळ एकमेकींना शिवतच नाहीत. पहिल्या आठ-दहा चाली म्हणजे नव्या घरात भांडी लावण्यासारखं काम. तांब्या आधी ठेवा की परात, फडताळ शेवटी तेच दिसतं. काकाची मांडणी ठरलेली होती. वजिरापुढचं प्यादं एक घर, त्या जागी वजिराच्या बाजूचा घोडा, मग राजाच्या बाजूचं प्यादं एक घर, त्या खिंडीत उंट म्हणजे आमची रीळ, मग दुसरा घोडा. कधी हे आधी, कधी ते. "घर तर तेच बांधायचं हाये ना बे," तो म्हणायचा, "मंग इट कोन्ती पह्यली ठेवली, याचं काय?"

त्या वर्षांत सगळीकडे नवे नियम येत होते. आमचा जिल्हा नव्या राज्यात येऊन फार दिवस झाले नव्हते. शेर-पायली जाऊन किलो आला होता, आणि माय बाजारातून आली की पहिल्यांदा नव्या मापाला शिव्या देऊन मगच पाणी प्यायची. त्याच लाटेत गावच्या वाचनालयाने बुद्धिबळाचा सामना जाहीर केला, आणि त्यातली शेवटची फेरी खेळायची आंतरराष्ट्रीय नियमांनी. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाणार. राजा-हत्तीचा किल्लेकोट एका चालीत होणार. शेवटच्या फेरीत दोन माणसं उरली, काका आणि स्टेशनवरचा तारबाबू. जिंकणारा अमरावतीला खेळायला जाणार होता. चिठ्ठ्या दोन आठवडे आधीच निघाल्या. पांढरं तारबाबूला, काळं काकाला.

त्याच आठवड्यात काका मिरचीला पाणी देत होता. एक वाफा भरला की दांड फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, एवढंच काम. पण त्याच्या डोक्यात घोडे पळत होते. आबा मळ्यात आले तेव्हा चार वाफे तळं होऊन बसले होते आणि काका बांधावर खडे मांडून बसला होता.

"शाल्या, मिरच्या पोहून राह्यल्या," आबा म्हणाले.

काकाने मान वर केली नाही. "दादा, येक मिनिट. घोडा मारला तर वजीर जाते."

आबांनी पायाने खडे उधळले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. "आयक. या सामन्यात जिकला तर अमरावतीले जाय, मी जलमात येक शब्द बोलणार नाई. हारला तर पट पेटीत. पुन्हा खेळायचं नाई. हाये कबूल?"

काकाने विहिरीकडे तोंड केलं आणि विहिरीची आण घेतली. आमच्या घरात ती आण कोणी मोडत नसे, कारण पाणी आटेल अशी भीती होती. म्हणजे आता त्या एका डावावर काकाचा सगळा खेळ टांगलेला. हे मला पूर्ण ठाऊक होतं. तरीही मी पुढचा उद्योग केला, म्हणून ही वही.

तारबाबू पुण्याकडचा, एकटाच क्वार्टरमध्ये राहायचा. माणूस चांगला होता, हे लिहून ठेवतो. या गोष्टीत वाईट माणूस शोधायचा असेल तर फार लांब जायला नको. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो, इंग्रजीत शाळेत पहिला यायचो, आणि त्याच्याकडे बुद्धिबळाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. शाळा सुटली की मी तारघराच्या बाकावर बसून ते वाचायचो. मागे यंत्र कट्ट कड कट्ट करत असे आणि तारबाबू एका कानाने तार ऐकत दुसऱ्या कानाने मला. एका संध्याकाळी माझ्या हाती एक पान लागलं आणि अंगावर काटा आला. काळ्याची मांडणी हुबेहूब आमच्या काकाची होती. पुस्तक म्हणत होतं, मांडणी उत्तम आहे, पण क्रम सांभाळा. आधी उंट, मग राजाच्या बाजूचा घोडा, मग किल्लेकोट, आणि त्यानंतरच वजिराच्या बाजूचा घोडा. तो घोडा घाईने वजिरापुढे आणून ठेवला, तर पांढरा आपला उंट राजाशेजारच्या प्याद्यावर फेकतो. राजाला तो घ्यावा लागतो. मग पांढरा घोडा शह देत उडी मारतो आणि दुसऱ्या उडीत थेट काळ्याच्या वजिरावर रोख धरून बसतो. त्या घरावर खरं तर काळ्याच्या उंटाची नजर असते, पण स्वतःचाच घोडा त्याच्या वाटेत उभा. वजिराला पळायला घर नाही. चारही बाजूंनी आपलीच माणसं.

आता कोणीही शहाणा मुलगा धावत मळ्यात गेला असता. मी पुस्तक उचललं आणि तारबाबूसमोर ठेवलं. "हे पाहा, आमचा काका हेच करतो. वजिराकडचा घोडा आधी."

त्याने पान वाचलं, चष्मा काढला, पुसला. "नक्की?"

"रोज पाहतो मी."

"मधुकर, तू फार हुशार मुलगा आहेस," तो म्हणाला. एवढं एक वाक्य. आमच्या घरी कोणी कोणाला हुशार म्हणत नसे. फार झालं तर "बरं हाये" म्हणत. मग तो म्हणाला, "तुला गार्डच्या डब्यातून जायचं होतं ना? शनिवारी मालगाडीचा गार्ड माझा मित्र आहे."

शनिवारी मी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभा राहून मलकापूरपर्यंत गेलो. गार्डने हिरवं निशाण माझ्या हातात दिलं. मळ्यापाशी आलो तेव्हा काका बांधावर होता. त्याने मला ओळखलं, डोक्यावरची टोपी काढून हवेत फिरवली आणि ओरडला, "अबे मध्या! जोरात हालव!" मी निशाण हलवलं. येताना पॅसेंजरमध्ये बसायला जागा होती, तरी मी दारातच उभा राहिलो, कारण ती टोपी डोळ्यांपुढून जाईना.

सामना पुढच्या रविवारी, म्हणजे हातात आठ दिवस होते. काकाला सगळं सांगून टाकणं हा साधा उपाय होता, पण मग गार्डचा डबाही सांगावा लागला असता. म्हणून मी आडून सुरुवात केली. पटावर दाखवलं, "काका, हा घोडा जरा उशिरा काढला तर?" तो हसला. "तुह्या बापानं मले मिरची शिकवली, तू मले घोडा शिकव." मग मी मायला हाताशी धरलं. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, पण खोडीचं सगळं कळत होतं. मी म्हटलं, काकाला क्रमाचं महत्त्व पटवायचं आहे. ती म्हणाली, "पटवतो मी." बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी पटवतो' असं आमच्याकडे सर्रास बोलतात. तिने कढत तेलात आधी हळद-तिखट टाकलं, ते काळं पडल्यावर लसूण, आणि सगळ्यात शेवटी मोहरी. घरभर ठसका उठला, दारातला कुत्रा शिंकत बाहेर गेला. ते कडूजहर वरण काकाने तीन वेळा वाढून घेतलं. माय म्हणाली, "भाऊजी, काई येगळं लागून राह्यलं का?" काका भाकरीच्या तुकड्याने ताटात तिरकी रेघ ओढत होता. "नाई बा. मस्त झालं."

आबा मात्र दोन घासांत उठले, आणि त्या दिवशी निष्कारण मायला बोलणी बसली. हा माझ्या खात्यावरचा आणखी एक गुन्हा.

शेवटी शुक्रवारी वाचनालयातून नियमांचं पत्रक आलं. इंग्रजीत, टंकलिखित. काका मिरचीच्या वाफ्यात वाकून गवत काढत होता. म्हणाला, "वाच." मी वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. प्यादं, किल्लेकोट, हात लावला ती सोंगटी हलवायची. आणि शेवटच्या ओळीनंतर माझ्या तोंडून एक जास्तीची ओळ निघाली. "किल्लेकोट झाल्याशिवाय वजिराच्या बाजूचा घोडा हलवता येत नाही."

काका उभा राहिला. "काऊन?"

"असं लिहिलंय."

त्याने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. मग परत दिला. "इंग्रजायचा कायदा हाये बाप्पा. त्यायनं येवढे वर्सं आपल्याले हालू देल्लं नाई, तं घोड्याले कसे हालू देतीन!" आणि बांधावर खडे मांडून तो नवा क्रम घोटू लागला. आधी उंट, मग तो घोडा, मग किल्लेकोट, मग हा घोडा. अगदी पुस्तकातल्यासारखा. मला वाटलं, सुटलो. काका वाचला, तारबाबूचा सापळा रिकामा राहील, आणि गार्डचा डबा माझ्या पोटात राहील. एवढ्या हुशार मुलाच्या एक गोष्ट डोक्यात आली नाही. नियम दोघांनाही लागू असतो.

रविवारी वाचनालयात उभं राहायला जागा नव्हती. अर्धा भाजीबाजार काकाच्या बाजूने आला होता, आबाही मागे भिंतीला टेकून उभे होते. पंच म्हणून मलकापूरहून एक वकीलसाहेब आणलेले. डाव सुरू झाला. काका नव्या क्रमाने एकेक चाल करत होता. तिसऱ्या चालीला उंट खिंडीत बसला. वाचनालयाच्या सोंगट्यांत खरा उंट होता. काकाने तो बोटांत दोनदा फिरवून पाहिला, रिळीची सवय. चौथ्या चालीला तारबाबू हाताची घडी घालून वजिराकडच्या घोड्याची वाट बघत बसला. काकाने दुसरा घोडा काढला. तारबाबूने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. काकाच्या त्या घोड्याने त्याच्या पुढच्या प्याद्यावर रोख धरला होता, म्हणून प्याद्याला आधार द्यायला तारबाबूने, कोणीही काढेल तसा, आपला वजिराच्या बाजूचा घोडा काढला. त्याचा किल्लेकोट झालेला नव्हता.

काका उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"पंचसाहेब! हे बेकायदा हाये."

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय बेकायदा आहे?"

"किल्लेकोट झाल्याबिगर तो घोडा हालत नाई. कागदात लिवेल हाये. पाह्य ना तुमी."

वकीलसाहेबांनी पत्रक काढलं. आधी मनात वाचलं, मग मोठ्याने, मग कागद काकापुढे धरला. "कुठे आहे? दाखवा."

आता काकाला ते दाखवता येणार नव्हतं. मागून कोणीतरी फस्सकन हसलं, आणि मग सगळी खोली हसली, काकाच्या बाजूने आलेला भाजीबाजारसुद्धा. एक जण ओरडला, "शालिग्रामचा कायदा हाये तो! मळ्यात पास झाला!" काका वळला आणि त्याने गर्दीत मला शोधलं. एक बोट माझ्याकडे केलं असतं तर तो सुटला असता. तो पंचांना म्हणाला, "माह्यीच चूक झाली साहेब. मीच उलटं आयकलं." आणि खाली वाकून त्याने स्वतःच खुर्ची उचलली.

त्याचे कान लाल झाले होते. चाल त्याची होती. किल्लेकोट केला असता तर डाव अगदी चांगला होता. मी हे पुढे आयुष्यभरात शेकडो वेळा मांडून पाहिलं आहे. पण तो पटाकडे पाहत, थोडा स्वतःशी, थोडा त्या हसणाऱ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "कायदाच नाई, तं मंग आपली जुनीच चाल बरी." त्याचा हात वजिराच्या बाजूच्या घोड्याकडे गेला. मी खोकलो. जोरात खोकलो. मायच्या त्या फोडणीला खोकलो नव्हतो इतका. कोणीतरी माझ्या पाठीत थोपटलं. काकाने घोडा वजिरापुढे ठेवला.

तारबाबूने लगेच चाल केली नाही, हेही लिहून ठेवतो. त्याने बराच वेळ घेतला आणि मग खाली मान घालून उंट प्याद्यावर ठेवला. राजाने उंट घेतला. घोड्याचा शह. राजा घरी परत. घोड्याचा रोख वजिरावर. काकाने वजिराच्या आजूबाजूची घरं बोटाने एकेक करून मोजली. उंट आपला, राजा आपला, प्यादं आपलं, प्यादं आपलं, घोडा आपला. मग त्याने राजा हळूच आडवा केला.

घरी येताना आबा पुढे, आम्ही दोघं मागे. रूळ ओलांडल्यावर काका म्हणाला, "मध्या, तो कायदा. पुस्तकातबी हाये का, फक्त तुह्या कागदात व्हता?"

माझ्या घशात सगळं होतं, पान, गार्ड, निशाण. मी म्हटलं, "मला तसंच वाटलं वाचताना."

तो दहा पावलं चालला. "कायदा चांगला व्हता बे," तो म्हणाला. "त्याच्यानं चाललो असतो तं वजीर वाचला असता. खोटा व्हता, येवढंच." आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, अगदी काळजीने, "तुह्यं इंग्रजी कच्चं हाये."

पट त्याच रात्री ज्वारीच्या पेटीत गेला, रीळ वरती. पण काका स्वस्थ बसला नाही. त्याने आबांना गाठून सांगितलं, पोराला इंग्रजीची शिकवणी लावली पाहिजे, नाहीतर त्याची जिंदगी वाया जाईल. गावात बरं इंग्रजी येणारा रिकामा माणूस एकच होता. पुढची दीड वर्षं मी रोज संध्याकाळी काकाने निवडून बांधलेली भाजी घेऊन तारबाबूकडे जात होतो. आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यांत न पाहता इंग्रजी वाचायचो. एकदाच तो म्हणाला, "तुझ्या काकांना सांगितलंस का रे?" मी नाही म्हणून मान हलवली. त्याने पुस्तक पुढे सरकवलं आणि मेथी उचलून आत ठेवली. अमरावतीला तो पहिल्याच फेरीत हरून आला होता.

त्या शिकवणीचंच पुढे वळण लागलं आणि मी इंग्रजीचा मास्तर झालो. काकाने आण मोडली नाही. माझी मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा मात्र पेटीतून पट बाहेर निघाला. आबा म्हातारे झाले होते, तरी त्यांनी दटावलं, "शाल्या, विहीर!" काका म्हणाला, "मी कुठं खेळून राह्यलो दादा? मी शिकवून राह्यलो." तिला त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आपल्या घरी किल्लेकोटाआधी हा घोडा हालत नाई. बाहीर काईबी असो. हा आपल्या घरचा कायदा हाये." ती तेच शिकली, तिने तिच्या मुलाला शिकवलं. तो मोबाइलवर कोणाकोणाशी खेळतो, आणि अजून किल्लेकोट करूनच तो घोडा काढतो. आजोबा, हा नियम कुठे लिहिलाय, म्हणून त्याने मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी औषध घ्यायचं आहे म्हणून उठलो.

मी निवृत्त झालो तेव्हा शाळेने सत्कार ठेवला. काका पहिल्या रांगेत, नवी टोपी घालून. मी भाषणात म्हटलं, मी जो काही आहे तो काकांमुळे, त्यांनी मला शिकवणी लावली. टाळ्या झाल्या. काकाने डोळे पुसले आणि शेजारच्या मुख्याध्यापकांच्या कानात म्हणाला. त्याला ऐकू कमी येत असल्याने ते पाचव्या रांगेपर्यंत गेलं. "लहानपनी लई कच्चं व्हतं पोरगं. येक कायदा वाचता आला नव्हता."

त्यानंतर तो चार वर्षं होता. चार वर्षांत किती संध्याकाळी आम्ही त्या पटाच्या दोन बाजूंना बसलो, मी खेळायचो आणि तो "शिकवायचा". एका वाक्याचं काम होतं. ते आता इथे लिहितो, म्हणजे बाजारात पुन्हा कोणी त्याचं नाव घेतलं तर निदान ही वही तरी असेल. कागदात तो नियम नव्हता, काका, आणि मला इंग्रजी तेव्हाही येत होतं.